एकाच आंब्यावरून पडलेले दोघे

अण्णांना ओटीवर बसवायचं हे सोमवारी ठरलं, आणि ओटीवर नेमकं कुठं बसवायचं यावर घरात तीन दिवस वाद चालला.

हैबतरावांचं म्हणणं, मधल्या खांबाशी, लोडाला टेकून. मुलीचा बाप भारदस्त दिसला पाहिजे. धोंडाआत्याचं म्हणणं, कोपऱ्यात, भिंतीशी; पाय घोंगडीखाली जातात आणि मनात आलं तरी चटकन उठता येत नाही. दोघंही अण्णांपेक्षा मोठी, एक भाऊ आणि एक बहीण, त्यामुळं कुणीच मागं हटेना. चंद्राच्या आईनं, साळूबाईनं, दोघांचं ऐकून घेतलं आणि बुधवारी संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "त्यांला कुनी इच्यारलं का?"

कुणी विचारलं नव्हतं. पडवीत दोरी वळत बसलेल्या अण्णांनी तिथूनच आवाज दिला, "मला देव्हाऱ्यात बसवा. तितनं आजवर कुनी उठल्यालं न्हाई."

चंद्रा त्यासाठीच नांद्याहून माहेरी आली होती. धाकट्या बहिणीला, गोजराला, बघायला गुरुवारी उरवड्याचे पाहुणे यायचे होते, आणि हे तिसरं स्थळ. पहिल्या दोन्ही वेळी अण्णा रीतीप्रमाणं दोन काठ्या टेकत पाहुण्यांना सामोरे गेले होते. टाच जमिनीला लागत नाही, गुडघे एकमेकांवर घासतात, आणि एक पाय दुसऱ्याच्या पुढं आडवा पडतो, कात्रीनं कापड कापावं तसा. पाहुण्यांनी चहा घेतला, मुलीला नाव-गाव विचारलं, आणि आठवड्यानं निरोप पाठवला: पोरगी चांगली हाय, पर घराण्याच्या रक्तात कायतरी हाय. पिरंगुटकरांनी हे म्हटलं, भुकूमकरांनीही म्हटलं. तिसऱ्यांनी म्हटलं असतं तर साऱ्या मुळशीनं म्हटलं असतं, आणि गोजराचं लग्न मग विसरायचं.

बाहेरच्यांना सांगायची गोष्ट घरात तयार होती, पण त्या दोघांना ती पटली नव्हती. अण्णा आंब्यावरून पडले. आंबा खरा होता, गोठ्याशेजारी, चांगला पसरलेला. अण्णा त्यावर जन्मात चढले नव्हते.

खरं काय ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बावन्न साली पाऊस दसऱ्याच्या आधीच निघून गेला. खाचरातलं भात पोसवलंच नाही. लोंबी हातावर घेऊन फुंकर मारली तर उडून जायची. पिकली ती फक्त लाख, वाटाण्याच्या जातीचं कडधान्य. भात उभं असतानाच तिचं बी चिखलात फेकून द्यायचं. मग तिच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही तरी ती निळी फुलं धरते आणि शेंगा भरते. घरात होतं नव्हतं ते जुनं भात म्हाताऱ्यांना आणि पोरांना राखलं गेलं, आणि गड्यांना शिधा म्हणून हैबतरावांनी लाख दिली. अण्णा गड्यांबरोबर बांध घालायला असायचे. त्यांच्यासमोर डबा उघडून आपण भात खायचा, हे अण्णांना जमेना. तेही त्यांच्यातलेच होऊन खाऊ लागले. लाखेच्या पिठाची भाकरी, लाखेची आमटी, सणाला लाखेचंच पिठलं. असे सहा महिने गेले. आषाढात एका सकाळी ते भाताची रोपं लावायला, आवणीला, खाचरात उतरले आणि पाऊल निघेना. चिखलानं धरून ठेवलंय असं त्यांना वाटलं. ते बांधावर येऊन बसले, तरी चिखल सुटला नाही.

त्याच महिन्यात चार गड्यांचे पाय गेले.

पुढं चंद्राच्या नवऱ्यानं त्यांना पुण्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं पाय बघायच्या आधीच विचारलं, लाख खाता का? ती सोडा, म्हणाला. गेलं ते परत यायचं नाही, पण वाढायचंही नाही, आणि हे काही बापाकडून पोराकडं जाणारं दुखणं नव्हे. चंद्रानं घरी येऊन अक्षर न् अक्षर सांगितलं. हैबतरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यो डाक्टर काल आलाय. लाख आमच्या पंज्यापासनं हाय." त्या दिवशी आंब्याचा जन्म झाला. आत्यानंही तीच गोष्ट उचलली. आत्या कुणाला घाबरणारी नव्हती, हैबतरावांना तर नाहीच. तिनं का उचलली हे चंद्राला कधी उलगडलं नव्हतं. अण्णांचं सोपं होतं. थोरल्या भावाचं नाव परक्यांपुढं खाली जाईल असं ते बोलणार नव्हते.

शेवटी कोपरा जिंकला. गुरुवारी आठ वाजता अण्णांना आंघोळ घालून, स्वच्छ पैरण चढवून कोपऱ्यात बसवलं. काठ्या घोंगडीखाली गेल्या. एक अडचण उरली होती: नथू. पाय गेलेल्या चार गड्यांपैकी तो एकटाच अजून या घरी कामाला होता, बसून होतील ती गुरांची कामं करायचा. त्याला हैबतरावांनी भाकरी आणि तंबाखू देऊन गोठ्यात पाठवलं आणि पाहुणे जाईस्तोवर बाहेर तोंड काढू नको म्हणून बजावलं.

"आनि गाईला पानी?" नथू म्हणाला.

"गाय दम धरंल."

नवाच्या एसटीनं पाहुणे आले. दोघंच होते. कोंडिबा, मुलाचा बाप, अंगानं गोल, बोलायला लागला की थांबायचं विसरणारा. आणि त्याची थोरली बहीण रंभाबाई, वाळकी, शांत, जी बोलत नव्हती पण बघत होती. मुलगा बहिरू खडकीला कामाला होता, त्याला रजा नव्हती. चंद्रानं रंभाबाईंना पाय धुवायला पाणी देतानाच ओळखलं, की होय-नाही या बाईच्या हातात आहे.

"बसा, बसा," अण्णा कोपऱ्यातून हात जोडून म्हणाले. "मी उठत न्हाई, राग मानू नका. पाय मुरगाळलाय."

"आवो, तुमी कशाला उठताय," कोंडिबा म्हणाला आणि थेट त्यांच्या शेजारी जाऊन बसला. बैलांवरून सुरुवात झाली. अण्णांना बैलांतलं कळत होतं आणि माणसांतलंही. अर्ध्या तासात कोंडिबा मांडीवर थापा मारत हसायला लागला. दर थोड्या वेळानं तो ओरडायचा, "आमच्या पाव्हण्यांला च्या आना की," आणि चहा आला की अण्णांच्या हातात पहिला कप द्यायचा.

तिसऱ्या कपाला धोंडाआत्यानं चुलीपाशी चंद्राचा दंड धरला. "आगं, ह्यो मानूस च्या पाजून पाजून त्याला उठवनार. दूध संपलं म्हनून सांग."

"दूध त्यांला दिसतंय, आत्या. चरवी भरल्याली हाय."

गोजरा पोहे घेऊन आली. रंभाबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. "आवणी करतीस का?"

"करते."

"किती उरकतीस?"

"शेजारी असंल त्याच्यापरीस जास्ती," गोजरा म्हणाली आणि मग आठवून पदर सारखा केला. रंभाबाईंच्या ओठाची एक कड हलली. चंद्राला वाटलं, जमलं. आता फक्त अकराची गाडी वेळेवर येऊ दे.

साडेदहाला पाहुणे उठले. अण्णांनी कोपऱ्यातूनच रामराम केला. हैबतराव त्यांना रस्त्याला लावून आले आणि ओटीवर येऊन त्यांनी पहिल्यांदा पागोटं काढलं. "झालं," ते म्हणाले. साळूबाईनं देवापुढं साखर ठेवली. अण्णांनी घोंगडी बाजूला केली. "चंदे, काठ्या दे. चार कप झाल्यात."

चंद्रानं काठ्या हातात दिल्या आणि तेवढ्यात आडावरनं गोजरा पळत आली. "आल्यात ते. परत आल्यात."

एसटी घाटात बंद पडली होती. पुढची चारला. काठ्या घोंगडीखाली, अण्णा भिंतीशी, हैबतराव पागोट्यात, सगळं पुन्हा होतं तिथं गेलं. कोंडिबा पायरी चढता चढताच म्हणाला, "दैवात जेवान व्हतं बगा तुमच्या घरचं." आणि तो अण्णांच्या शेजारी बसला. "आता निवांत झालं. च्या घेऊ."

जेवण झालं. अण्णांनी पाणी प्यायलं नाही. दीड वाजता चंद्रा पानसुपारी घेऊन गेली तेव्हा ते कोंडिबाची गोष्ट ऐकत होते, पण हसू वेळेवर येत नव्हतं. कपाळावर घाम होता. पाय गेल्यापासून त्यांना लघवी फार वेळ धरवत नसे, हे घरच्यांना माहीत होतं.

"चंदे," ते हळूच म्हणाले, "बंधारा फुटायला आलाय."

ती आत धावली. आत्या म्हणाली, आडोशाला तांब्या न्या. हैबतराव म्हणाले, पाव्हण्यांम्होरं? साळूबाई उठून ओटीच्या दाराशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आवो, पाव्हण्यांला आपली नवी गाय दावली का न्हाई?"

हैबतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. साळूबाईच्या डोक्यात एवढंच होतं की ओटी मोकळी व्हावी. नथू तिच्या ध्यानातच नव्हता. "गाय काय," हैबतराव म्हणाले, "गाईत काय बघायचं."

"गाईत काय बघायचं?" कोंडिबा उठून उभाही राहिला होता. "रंभाक्का, चल."

ते तिघं गोठ्याकडं गेले. चंद्रानं काठ्या ओढून काढल्या, अण्णांना काखेत धरून उभं केलं, पायऱ्या उतरवल्या. परसाचं दार अंगणाच्या पलीकडल्या अंगाला होतं. धडधाकट माणसाला वीस पावलं. अण्णांनी काठ्या टाकल्या, पाय ओढले, पुन्हा काठ्या. "पळायची शर्यत लावली असती तर बक्षीस मिळालं असतं," ते दात आवळून म्हणाले. चंद्राला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. अंगणाच्या मध्यावर ते आले असतील नसतील, गोठ्याचं दार उघडलं.

आत अंधार होता म्हणे, आणि कोंडिबाला गाय उजेडात बघायची होती. गाय नथूशिवाय कुणाच्या हाताला येत नव्हती. म्हणून नथूनं, हैबतरावांनी केलेले डोळे न बघितल्यासारखं करून, दावं सोडलं आणि तो गाईला घेऊन बाहेर आला. एका हातात दावं, दुसऱ्यात काठी. टाच वर, गुडघ्यावर गुडघा, एक पाय दुसऱ्याच्या पुढं आडवा.

अण्णा थांबले. नथू थांबला. मध्ये गाय.

"काय नथू," अण्णा म्हणाले.

"तुमचं काय, अण्णा," नथू म्हणाला.

रंभाबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी नथूच्या पायांकडं बघितलं, मग अण्णांच्या, मग पुन्हा नथूच्या. घाई नव्हती त्यांना.

"ह्ये भाऊ का तुमचं?" त्यांनी हैबतरावांना विचारलं.

"न्हाई न्हाई. गडी हाय आमचा. आठ कोसांवरचा."

"मग पायास्नी काय झालं त्याच्या?"

आठ वर्षांची सवय. हैबतरावांच्या तोंडून आपोआप गेलं, "आंब्यावरनं पडला."

"आनि मुलीच्या बाच्या?"

हैबतरावांनी आंब्याकडं बघितलं. आंबा तिथंच होता, त्याचा काही उपयोग नव्हता. "आंब्यावरनं," ते म्हणाले.

"ह्याच?"

कोंडिबानं मान वर करून झाडाचा शेंडा न्याहाळला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "एकाच येळंला?" तो म्हणाला.

अण्णांनी चंद्राकडं बघितलं. तिनं तोंडाला पदर लावला होता, आणि तो हसण्यासाठी की दुसऱ्या कशासाठी हे तिलाच ठाऊक नव्हतं. "मला आधी जाऊन येऊ द्या," अण्णा म्हणाले, "मंग सांगतो," आणि काठ्या टाकत परसाकडं गेले. साऱ्यांनी त्यांना जाताना बघितलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

दार लागलं तशी धोंडाआत्या पायरी उतरून खाली आली.

"त्यो यायच्या आत मी बोलते. त्यो आला म्हंजी मला बोलू द्यायचा न्हाई." ती रंभाबाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "आंबाबिंबा कायबी न्हाई. लाख खाल्ली त्यानं. दुस्काळात गड्यांला लाख दिली, ह्यो बी त्यांच्यासंगं खात व्हता. समद्यांचं पाय गेलं."

"आक्का," हैबतराव म्हणाले.

"गप रे हैबती. तू दिलीस ती पोटाला दिलीस. मी तर औषिद म्हनून दिली." आत्याचा आवाज नेहमीसारखाच खडा होता. फक्त हात लुगड्याचा काठ चुरगाळत होते. "पाय उचलंना झाला तवा मी म्हनलं, वारं हाय. लाख गरम असती. लसूण घालून पेज केली आनि दोन म्हैने पाजली, सकाळ-सांच्याला. नगं म्हनायचा. थोरल्या बहिनीनं केली म्हनून प्यायचा. आदी एका काठीवर तरी चालत व्हता."

चंद्राला तो लसणाचा वास आठवला. तेव्हा ती सतरा वर्षांची होती, पेजेचं भांडं तीच घासायची. पुण्याहून येऊन तिनं डॉक्टरचं बोलणं सांगितलं तेव्हा आत्या उठून आत गेली होती, भाकरी करपतीय म्हणून. चुलीवर त्या वेळी काहीच नव्हतं.

रंभाबाईंनी आत्याचा हात धरला, सोडला, आणि हैबतरावांकडं वळल्या. "आजून पेरता?"

"गुरांपुरती," हैबतराव म्हणाले.

"आनि आमच्यापुरती," नथू म्हणाला. तो गाईची मान खाजवत होता आणि कुणाकडं बघत नव्हता. "निम्मा शिधा आजून लाखंचाच हाय. माजी कारभारीन भिजवून पानी काडती आनि दुसऱ्याच्या कोंबड्यांला घालती. आमी उरल्याल्या निम्म्यावर दिस काडतो."

हैबतराव गडी-माणसांवर ओरडत, तसे ओरडतील असं चंद्राला वाटलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी पागोटं काढलं, दुसऱ्यांदा, आणि या वेळी पाहुणे समोर होते. "औंदापासनं भात," ते म्हणाले. "समदा शिधा."

"ह्या पाव्हण्यांम्होरं म्हनताय न्हवं?"

"पाव्हण्यांम्होरंच म्हनतोय, नथ्या."

"मंग ठीक हाय," नथू म्हणाला. "दोघं ऐकनारी हायेत."

खालच्या खाचरात लाख तेव्हाही फुलावर होती, अंगणातून निळी दिसत होती. हैबतरावांचा शब्द चंद्रानं सगळाच्या सगळा धरला नाही. पण तो चार माणसांत दिलेला होता, आणि त्यांना चार माणसांची भीड होती. तेवढ्यावर जरा भरवसा ठेवता येत होता.

अण्णा परत आले तेव्हा सगळी जिथल्या तिथं उभी होती. "काय वो," ते म्हणाले, "येवडी गप का? गाय आटली का काय?" मग त्यांनी आत्याचं तोंड बघितलं आणि त्यांना कळलं. ते काठ्या टाकत तिच्यापाशी गेले. बराच वेळ लागला. "आक्का," ते म्हणाले, "पेज लई वंगाळ व्हती. तवाच सांगितलं आसतं, पर तू मारलं आसतंस."

आत्या हसली, रडली, आणि नाक ओढून म्हणाली, "आजून मारीन."

कोंडिबा बहिणीकडं बघत होता. सगळेच बघत होते. माजघराच्या दाराआड गोजराची बांगडी वाजली आणि थांबली.

"दोन येगळ्या घरची मानसं," रंभाबाई सावकाश म्हणाल्या, "आनि चालत्यात एकसारकी. म्हंजी ह्ये रक्तातलं न्हवं, ताटातलं हाय. रक्त आसतं तर मी उठले आसते, खोटं कशाला बोलू. पोरगी आमाला पसंत हाय." त्या थांबल्या. "एक हाय. लग्नातली डाळ आमी आनू. तुरीची."

हैबतराव लाल झाले. मुलीच्या मांडवात पाहुण्यांची डाळ शिजायची, हे त्यांनी कुठं ऐकलं नव्हतं. "आमच्या घरात काय तूर न्हाई?"

"आसंल की," रंभाबाई म्हणाल्या. "तरी आमी आनू."

"दादा," अण्णा म्हणाले, "आनू दे. मला मांडवात निवांत जेवायचंय."

सगळ्यांत आधी कोंडिबा हसला, मग नथू, आणि मग, जरा उशिरा, हैबतराव.

साडेतीनला पाहुणे निघाले. हैबतराव पागोटं बांधून त्यांना पोचवायला पुढं झाले तेव्हा अण्णा म्हणाले, "दादा, मी जातो. मुलीच्या बापानं जायचं आसतं." कुणी नको म्हटलं नाही. आतापर्यंतच्या दोन्ही खेपांना त्यांनी पाहुण्यांचं स्वागत केलं होतं, त्यांनी पोचवायला यावं म्हणून मात्र कुणी पाहुणा थांबला नव्हता.

घर ते एसटीचा रस्ता. वाट खाचरांच्या बांधावरून जाते. कोंडिबा सवयीनं पुढं गेला, बोलत राहिला, आणि वळून बघतो तर ऐकायला कुणी नाही. तो परत आला. पुन्हा पुढं गेला, पुन्हा आला. तिसऱ्या वेळी त्यानं धोतराचा सोगा हातात घेतला आणि अण्णांच्या काठीबरोबर आपलं पाऊल टाकायला लागला. मागं रंभाबाई, त्यांच्या मागं चंद्रा. सगळी त्याच चालीनं. कोंडिबाचं बोलणंही आपोआप हळू झालं. त्यानं बहिरूच्या लहानपणीचं सांगायला घेतलं आणि अण्णांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पूर्ण दिलं. पुढं खूप वर्षांनी, अण्णा नसताना, चंद्रा याच बांधावरून एकटी चालत आली तेव्हा वाट इतकी थोडकी कशी, याचं तिला नवल वाटलं.

रस्ता अजून दोन खाचरं लांब असताना एसटी वळणावरून आली आणि थांबली. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "ओ उरवडे, येताय का जाऊ?"

कोंडिबानं हात वर केला. "थांब रं," तो तिथूनच ओरडला. "आमचं इव्हाई येत्यात."

गाडीतल्या सगळ्या खिडक्यांतून माणसांनी वाकून बघितलं. चंद्राला वाटलं, अण्णा आता घाई करतील. त्यांनी केली नाही. ते जागच्या जागी उभे राहिले, पैरण खाली ओढून नीट केली, आणि मग काठी पुढं टाकली.